न नेलेल्या कपड्यांची भिंत

मुनीराच्या दुकानाची पाटी रंगाऱ्यानं अंदाज न घेता रंगवली होती. 'मुनीरा फॅशन डिझाय' एवढं एका ओळीत बसलं, आणि 'नर' तेवढा खाली उतरला. पिरंगुटच्या टारगट पोरांना तेवढंच पुरलं. तिचा नवरा मोहिद्दीनभाई होते तोवर स्वतःच सांगायचे, "वरची सगळी ती, खालचा तेवढा मी." ते गेल्यावर पाटीवर कुणी हसलं नाही. मतीन, तिचा मुलगा, दोनदा म्हणाला की नवीन पाटी करू. मुनीरा म्हणाली, "त्यास्नी खाली उतरवलंय तेवढं बास. पुसू नको."

मी भरे गावची. पोरं मोठी झाली, सुना आल्या, घरात माझ्या हाताला काम उरलं नाही, तेव्हापासून मुनीराकडं हुक, काजं आणि तुरपाई करायला बसायचे. ती मला आक्का म्हणायची. ती पौडच्या शिंप्याची लेक. तिचा बाप म्हणायचा, बाईनं शिवावं, पण कात्री बाप्यानं धरावी. तिनं लग्नाआधीच चोरून बापाच्या पायजम्याचं कापड कापलं, आणि बापानं तो पायजमा ईदला घातला. मग पुण्याला जाऊन क्लास केला, कागदावर बायका काढायला शिकली. लांब मानेच्या, पोट नसलेल्या बायका. मी विचारलं, "ह्या कुटं ऱ्हातात गं?" तर म्हणाली, "कागदावरच ऱ्हातात आक्का. म्हनून तर त्यांचं माप कदी चुकत न्हाई."

नांद्याच्या उंच इमारतीतल्या कॉम्प्युटरवाल्या पोरी तिच्याकडं मोबाइलमधले फोटो घेऊन यायच्या. मुनीरा आधी फोटो बघायची, मग पोरीला म्हणायची, "दारापर्यंत जाऊन परत ये." चालताना कुठला खांदा पडतो, कुठं पाठ आवळते, ते बघायची. मगच टेप काढायची.

पण मला सांगायचं आहे ते मागच्या दांडीबद्दल.

दुकानाच्या मागच्या अंगाला, पत्र्याखाली, एक लोखंडी दांडी होती. तिच्यावर न नेलेले कपडे. मला आधी वाटायचं, लोक विसरतात. तसं नसतं. शिवायला टाकलेला कपडा बाई विसरत नाही. तिचं काहीतरी होतं. एकीचं लग्न हळदीच्या आधी मोडलं, तिचं डाळिंबी ब्लाऊज. कुठलीशी कंपनी बंद पडली तसं रातोरात बिऱ्हाड हलवलेल्या एका वऱ्हाडच्या बाईचे दोन गाऊन. नांद्याच्या गेणबाची म्हातारी नातवाच्या लग्नाला घालीन म्हणून खणाची चोळी टाकून गेली आणि त्याच आठवड्यात निजली ती उठलीच नाही. आणि ह्या सगळ्यांबरोबर आलेले त्यांचे मापाचे कपडे, म्हणजे 'ह्याच्यासारखं शिव' म्हणून दिलेलं जुनं, अंगाला सवयीचं झालेलं ब्लाऊज. नव्या कपड्याला नुसता कापडाचा वास येतो. मापाच्या कपड्याला माणसाचा येतो.

मतीन म्हणायचा, "अम्मी, विकून टाक नाहीतर वाटून टाक."

"एकीच्या मापाचं दुसरीवर कसं चढवू?" मुनीरा म्हणायची. "अन् ती आली तर?"

"मेलेली म्हातारी येणार आहे चोळी न्यायला?"

"तू कशाला मधी पडतुयास? दांडीला भाडं लागतंय का?"

दुपारी वीज गेली की मशीन थांबायचं, पंखा थांबायचा, आणि पंखा थांबल्यावरही दांडीवरचे कपडे जरा वेळ हलत राहायचे. मी म्हणायचे, "वारा हाय." मुनीरा म्हणायची, "व्हय, वाराच." दार लावलेलं असायचं. दोघीही दाराकडं बघायचो नाही. माझी बसायची जागा दांडीखाली होती. खांद्याला काही लागलं की मी मान न वळवता बाही बाजूला सारायचे, जशी गर्दीत बाईला 'सरक गं' म्हणतो तशी. एकदा सारली तर ती बाही गरम होती. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येत होती, तिनं तापली असेल. मी मुनीराला सांगितलं नाही. तिनंही मला सगळं सांगितलं असेल असं नाही.

दांडीच्या अगदी टोकाला मोरपंखी रंगाचा पंजाबी ड्रेस होता. तो जुईलीचा.

जुईली म्हणजे रिहे गावच्या रजनीची थोरली. अंगानं काडी, बोलायला चाकू. कॉलेजच्या गॅदरिंगला घालायचा म्हणून आईबरोबर कापड घेऊन आली आणि मुनीराला म्हणाली, "मावशी, खिसा पाहिजे. पोरांना चार-चार खिसे आणि आम्ही काय रुमाल दातात धरायचा?" मुनीरानं खिसा लावला. ड्रेस बुधवारी न्यायचा होता. मंगळवारी सकाळी जुईली कॉलेजला म्हणून बसमध्ये बसली आणि संध्याकाळच्या बसला उतरलीच नाही.

पोलीस झाले, भगत झाले, पेपरात फोटो आला. कुणी म्हणालं स्वारगेटला बघितली, कुणी म्हणालं धरणाच्या बाजूला. ज्यांनी काहीच बघितलं नव्हतं त्यांनी सगळ्यात जास्त बघितलं. बारा वर्षं झाली.

जुईली गेली त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात रजनी दुकानात आली. मला वाटलं ड्रेस न्यायला. ती म्हणाली, "मुनीरा, उद्या पंचमी. लेकी माहेरी येतात. आली तर घालंल. पण आता एक वरीस झालं, जरा भरली असंल. सैल करून ठेव."

पंचमीला आम्ही सुई हातात धरत नाही, काही कापत नाही, चिरत नाही. म्हणून रजनी आदल्या दिवशी यायची. तेव्हापासून दर वर्षी. आणि मुनीरा दर वर्षी जुईलीचा ड्रेस उलटा करायची, कडेची शिवण उसवायची आणि सूतभर बाहेर घेऊन परत टीप मारायची. शिवणीच्या आत कापडाची कड दुमडून ठेवतात, पुढंमागं अंग भरलं तर सैल करता यावं म्हणून. तिला शिंपी माया म्हणतात. मुनीरा माया सढळ ठेवायची. पोरीबाळींच्या कपड्याला तर जास्तच. म्हणायची, "पोरींचं काय सांगावं, वाढत्यात."

मी विचारलं होतं, "पोर समोर न्हाई, तर सैल किती करायचं हे कसं ठरवतीस?"

"रजनीकडं बघते," ती म्हणाली. "लेकी आईवर जात्यात."

ह्या वर्षी उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला आले. खुणा मारल्या, आणि दुकानाचा पुढचा भाग गेला. मशीन मागं सरकलं, मी मागं सरकले, आणि दांडी काढावी लागली. कापड बेतायचं मोठं टेबल तर मावेचना. मतीननं त्याचे पाय कापले आणि फळी भिंतीला उभी टेकवली. म्हणाला, "अम्मी, आता ते कपडे कुठं ठेवायचे तूच सांग."

दोन दिवस कपड्यांचा ढीग खुर्चीवर पडून होता, आणि गिऱ्हाईक आलं की ढिगाकडं बघून 'कुणी बसलंय का' म्हणून दारातच थांबायचं. तिसऱ्या दिवशी मुनीरानं गेणबाच्या म्हातारीची चोळी उचलली, त्या फळीला लावली आणि खिळे ठोकले.

मग थांबलीच नाही. श्रावणापर्यंत फळी भरली. गाऊन उसवून त्याची लेस तिनं डाळिंबी ब्लाऊजच्या गळ्याभोवती फिरवली. बाहीशी बाही भेटवली. मापाच्या ब्लाऊजांच्या काखेतले घामाचे डाग धुतले नाहीत, तेच वर दिसतील असे ठेवले. दुकानात राहून गेलेल्या वस्तू एका डब्यात होत्या, त्या मधूनमधून टाचल्या. एका पायाचं पैंजण. चष्म्याची काडी. कुणाच्या पोराचा शाळेचा बिल्ला. खालच्या कोपऱ्यात मोहिद्दीनभाईंचा सदरा. तो त्यांनी स्वतःसाठी कापला होता, कॉलर लावायची राहिली. कॉलरच्या जागी तिनं त्यांचं अंगुस्तान लावलं, शिवताना बोटात घालायचं ते.

जत्रेच्या फोटोत असते तशी गर्दी होती ती. फक्त तोंडं नव्हती. आणि तोंडं नसूनही कोण कोण आहे ते कळायचं. म्हातारी उजवीकडं कलून चालायची, चोळी तशी कललेली. ज्या पोरीचं लग्न मोडलं तिचं ब्लाऊज सगळ्यांपासून जरा बाजूला, जशी ती नंतर देवळात बसायची.

माझी नात जान्हवी हिंजवडीला कामाला आहे. ती बघायला आली आणि दारातच उभी राहिली. "आज्जी, हे कोलाज आहे."

मी म्हटलं, "व्हय की. येवढ्या बाया एका जागी म्हंजी कॉलेजच."

"कॉलेज नाही गं, कोलाज. लोक पैसे देऊन बघायला जातात असलं." तिनं फोटो काढला. मग मोबाइल खाली केला आणि फोटो पुसून टाकला. मी विचारलं का, तर म्हणाली, "माहीत नाही. विचारून काढायला पाहिजे असं वाटलं." कुणाला विचारून, ते तिनं सांगितलं नाही.

बायका दुकानात हळू बोलायला लागल्या. माप द्यायला आलेल्या बायका म्हणाल्या, ह्यांच्यासमोर कपडे कसे बदलायचे? म्हणून मुनीरानं भिंतीला पडदा लावला. माप घ्यायच्या वेळी ओढायचा. पडदा ओढला की मागं खुसफुस व्हायची, असं एक-दोघींनी सांगितलं. खिळ्याला कापड घासलं की होते.

पंचमीच्या आदल्या दिवशी रजनी आली. हातात लाह्यांची पिशवी. भिंत तिनं अजून बघितली नव्हती. बघताना तिचं बोट एकेका कपड्यावरून जात होतं आणि ओठ हलत होते, नावं घेत होती बहुतेक. "ही म्हातारी... हे तर सुताराच्या लेकीचं..." आणि मग बोट थांबलं. भिंतीच्या मधोमध, गर्दीच्या पोटात, एक जागा मोकळी होती. वर अरुंद, खाली घेर, बाजूला दोन हात.

"ही जागा कुणाची गं?"

मुनीरा सुईत दोरा ओवत होती. ओवलेला दोरा तिनं परत काढला. "कुणाची न्हाई."

"कुणाची न्हाई तर ड्रेसवानी का हाय?"

"रजनी, बस जरा."

"हितं समदे न येणारे हायेत. म्हातारी हाय, मोहिद्दीनभाई हायेत. माझी जुई हितं लावनार हायेस तू?"

"लावलीय का? लावली असती तर जागा मोकळी ऱ्हायली असती का? ऐक. औंदा सैल करता यायचं न्हाई. त्यात आता माया उरली न्हाई. संपली."

मी खाली मान घालून हुक लावत होते. सुई तशीच कापडात राहिली. रजनीचं तोंड मी बघितलं. कुणी अंगावर गार पाणी टाकावं तसं झालं होतं.

"संपली?" ती म्हणाली. "बारा वर्सात संपली व्हय गं तुझी? बरं झालं सांगितलंस. माझी न्हाई संपली अजून." पिशवी तिथंच ठेवून ती गेली. चप्पलही नीट घातली नाही, एक पायात आणि एक हातात.

मुनीरा माझ्याकडं बघत राहिली. "मी काय वंगाळ बोलले आक्का?"

"न्हाई. शिंप्याचं बोललीस. तिनं आईच्या कानानं ऐकलं."

ती उठून दारापर्यंत गेली, परत आली. ड्रेस हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. लाह्या तशाच पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी नेल्या.

पितृपक्ष लागला तेव्हा दादासाहेब आले. रजनीचे मालक. भला माणूस, कंपनीत जातो, येऊन भातात राबतो, आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. त्यांनी सांगितलं ते असं. माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली की त्याचं कार्य करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि माणूस समजून त्याला अग्नी द्यायचा. भावकी मागं लागली होती. ऋषिकेशचं, धाकट्या पोराचं, लग्न ठरत होतं, आणि पोरीकडचे विचारत होते, तुमची थोरली आहे की नाही, एक काय ते सांगा.

"गुरुजी म्हनले, तिचा एखादा कपडा पायजे. पुतळ्यावर घालायला," दादासाहेब म्हणाले. "घरात एकबी न्हाई. रजनीनं कुटं लपवलेत, सांगत न्हाई. तुमच्याकडं हाय तेवढा द्या."

मुनीरा म्हणाली, "ज्याचं माप घेतलं त्यालाच देते मी कपडा."

"बापाला बी न्हाई?"

"बापाच्या मापाचा न्हाई तो."

ते हसले, पण कसनुसं. "मुनीरा, ती न्हाई यायची. मला काय हौस हाय का? बारा वर्सं मी दाराला आतून कडी लावली न्हाई. थंडीत वारा आत येतोय. आता मला एकदा कडी लावून निजायचंय."

मुनीरा उठली. मग तिनं ड्रेस आणून त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, दिला. दादासाहेबांनी तो दोन्ही हातांनी धरून समोर पसरला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा तिचा न्हाई. ती काडी हुती. हा बाईमानसाचा हाय."

"तिचाच हाय," मुनीरा म्हणाली. "वाढली असंल ना ती आता."

दादासाहेबांनी ड्रेस एकदम मशीनवर ठेवला. जसं काही त्याच्या आत कुणी होतं आणि ते जड होतं. "येतो," म्हणाले आणि निघाले. फटफटीला किक मारतच राहिले, मारतच राहिले. शेवटी मतीननं जाऊन चालू करून दिली.

मुनीरानं ड्रेसची घडी घातली, कागदात बांधली. "आक्का, तू ने. रजनीला दे. मी गेले तर ती तोंड बघायची न्हाई."

"तुज्या भिंतीतली जागा?"

"ऱ्हाऊ दे मोकळी. गर्दीत येकाला तरी श्वास घ्यायला जागा पायजे."

मी सिक्स सीटरनं रिह्याला गेले. पुडकं मांडीवर होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "आजी, पोर झोपलंय का?" मी खाली बघितलं. दोन्ही हातांनी मी ते पुडकं थोपटत होते.

रजनी बांधावर होती. भात पोटरीला आलं होतं, लोंबी अजून आतच. मला बघून उठली नाही. मी पुडकं सोडलं आणि ड्रेस उलटा करून तिच्या समोर धरला. "हितं बघ. ही कड. ह्या कडंला शिंपी माया म्हनतात. ही संपली, म्हनली ती. तिच्या काळजातली न्हाई गं बये, शिवनीतली."

रजनीनं ड्रेस घेतला. आतल्या बाजूला, कडेनं, सुईच्या बारीक भोकांच्या ओळी होत्या. दर वर्षी उसवलेली एकेक टीप, एकाशेजारी एक, शेताच्या सऱ्यांसारख्या. पहिली ओळ सगळ्यात आत. शेवटची पार काठाला टेकलेली, तिच्या पुढं धागे सुटलेले. रजनी पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ही ज्या वर्सी म्हस व्याली." मग दुसरी. "तवा आत्याबाई गेल्या." तिसरी. असं करत काठापर्यंत आली. काठाच्या पुढं बोट हवेत गेलं आणि तिथंच थांबलं.

"आक्का," ती म्हणाली, "आमावश्येला कार्य हाय. मालकांनी पळसाची पानं आनून ठेवलीत. माझ्या पोरीला जिवंतपनी जाळायची म्हनं. तुमी समदे येऊन जेवनार?"

"मी जेवायला न्हाई येनार. पन येईन."

सर्वपित्रीला मी आणि मुनीरा गेलो. मुनीरा अंगणाबाहेर, कुंपणाला धरून उभी राहिली. अंगणात पाटावर पुतळा होता. पळसाची पानं, दर्भ, सुतळी. लहान पोरीएवढा. डोक्याच्या जागी नारळ. मला त्याच्याकडं बघवेना, आणि नजर दुसरीकडं जाईना. भावकी रांगेनं बसली होती. गुरुजी पुण्याकडचे, घरात कोण कोण त्यांना माहीत नाही. ते म्हणाले, "मुलीचं एखादं वस्त्र आणा. काहीच नसेल तर रुमालही चालेल."

दादासाहेबांनी घराकडं तोंड करून हाक मारली, "रजनी, काय असंल ते दे गं. रुमाल दे."

आत हालचाल झाली. मग दारात मोरपंखी रंग दिसला.

मला रजनीचं लग्न आठवतं. लुगडं-पोलक्यावाचून मी तिला कधी बघितली नव्हती. तिनं जुईलीचा ड्रेस घातला होता. केसांची एक वेणी पुढं घेतली होती, एक हात खिशात. ड्रेस तिला बसला होता. बसणारच, मुनीरा इतकी वर्षं तिच्याकडं बघून तो वाढवत होती. दाराच्या सावलीत तोंड दिसत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी तिला ओळखलं, आणि सगळ्यांनी चुकीचं ओळखलं. बसलेल्यातली एक म्हातारी तर चक्क सरकली, तिला बसायला जागा करून द्यायला.

गुरुजींनी विचारलं, "ह्या कोण?"

दादासाहेब पाटासमोर उकिडवे बसले होते. तिथूनच वळले. बारा वर्षांत त्या माणसानं लेकीचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, 'ती' म्हणायचे. त्यांच्या तोंडातून आलं, "जुई?"

"ओ," दारातून आवाज आला. "आले, दादा."

आवाज रजनीचा नव्हता असं मी म्हणणार नाही. रजनीचाच होता. पण रजनी नवऱ्याला दादा म्हणत नाही. त्यांना दादा जुईली म्हणायची.

 कुंपणाकडं मुनीराची बांगडी तारेवर वाजली तेवढीच. रजनी पायऱ्या उतरून उजेडात आली तेव्हा ती रजनी होती, कपाळाला घाम, काखेत ड्रेस ताणलेला. ती पुतळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कपडा पायजे ना? ह्यो हाय. काढा माझ्या अंगावरनं."

दादासाहेबांनी तिच्याकडं खूप वेळ बघितलं. कुणाकडं बघत होते ते मला सांगता येणार नाही. मग हात जोडून म्हणाले, "गुरुजी, ऱ्हाऊ द्या. आमी हाक मारली अन् ओ आली. आता कसं करता?"

भावकीतले एक-दोघे बोलायला लागले होते, पण गुरुजी स्वतःच सामान आवरायला लागले. नारळ काढला, तोही दबकतच. पानं अंगणात तशीच पडली, संध्याकाळी म्हशीनं खाल्ली, कुणी हाकललं नाही. ऋषिकेशच्या लग्नाचं ऋषिकेश बघेल. दादासाहेब अजून कडी लावत नाहीत म्हणे. पण आता वारा आला की म्हणतात, रजनी, पांघरूण दे.

नवरात्राच्या गर्दीत एका दुपारी रजनी दुकानात आली. तोच ड्रेस अंगात. बाजारात तिच्याकडं बायका बघत होत्या, तिला त्याचं काही नव्हतं. मुनीराला म्हणाली, "काखेत उसवलाय बघ. तुज्या शिवनीची चूक न्हाई, मी जोरात हात वर केला."

मुनीरा तिच्याकडं बघेना. "माया न्हाई त्यात. सांगितलं हुतं."

"व्हय, सांगितलं हुतंस. दुसरी पट्टी लाव, माझ्या जुन्या लुगड्याची." तिनं पिशवीतून तुकडा काढला. "जुई आली की तिला नवा शिवू. ह्याची फॅशन गेली आता. तुज्यासारख्या डिझायनरला कळत न्हाई व्हय?"

मुनीराच्या तोंडावर हसू आलं नाही, पण खांदे खाली आले. "काढ मग. आत जाऊन काढ, शिवून देते."

"काढनार न्हाई. असाच शीव."

"अंगावर शिवत न्हाईत, रजनी. अंगावर शिवत्यात ते..." मुनीरा थांबली. अंगावर कपडा मढ्याचा शिवतात, हे आम्हा तिघींना माहीत होतं.

"मग जितं मानूस काय करतं?"

"दोरा धरतं तोंडात."

"दे."

मुनीरानं रिळाचा दोरा तोडून तिच्या हातात दिला. रजनीनं त्याचं टोक दातात धरलं आणि हात वर करून उभी राहिली. पडदा बाजूलाच होता, भिंतीवरची सगळी गर्दी तिच्या पाठीमागं. मुनीरा गुडघ्यावर बसली, लुगड्याची पट्टी काखेखाली धरली आणि पहिला टाका घातला.

मी विचारलं, "टोचतंय का गं?"

तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसती मान हलवली, नाही म्हणून.